मदत हवी आहे: फीडमधल्या बातम्या व्हाइटबोर्डवर एकावर एक पडतायत

न्यूज साइट्सच्या आरएसएस फीडमध्ये नवीन बातमी आली की ऑनलाइन व्हाइटबोर्डवर आपोआप स्टिकी नोट बनावी असा फ्लो एन-एट-एनमध्ये (कामं आपोआप करून घ्यायचं टूल) लावलाय, नोट बनते पण सगळ्या बोर्डच्या मधोमध एकावर एक, पत्त्यांच्या गड्डीसारख्या. एक्स-वाय (नोटची बोर्डवरची जागा) हाताने टाकून पाहिलं तर अख्खी गड्डीच तिकडे सरकली, काय बोलणार! डुप्लिकेटचा प्रश्न नाहीये, हेडिंगऐवजी जीयूआयडी (फीडमधल्या प्रत्येक बातमीचा वेगळा ओळख-कोड) तपासायला लागल्यापासून तो मिटलाय. व्हाइटबोर्डचं एपीआय टोकन (कोडमधून बोर्ड वापरायची किल्ली) आहे, थोडंफार जावास्क्रिप्ट जमतं, पण वेगळा डेटाबेस नकोय आणि टीमने हलवून ठेवलेल्या जुन्या नोट्सना धक्का लागायला नको. मग पुढची मोकळी जागा कशी काढायची, दर वेळी बोर्डवरच्या सगळ्या नोट्स वाचून, की शेवटची पोझिशन फ्लोच्या स्टॅटिक डेटामध्येच (फ्लो पुढच्या रनसाठी स्वतःकडे जपून ठेवतो ती माहिती) ठेवून?