सेलिब्रंट हवी, पण ‘सावधान’ म्हणू शकणारी

प्रेषक: सुनीता, ग्लेन वेव्हर्ली
विषय: लग्न लावायला कोणी सुचवाल का?

मंडळी, नमस्कार.

आमच्या सईचं लग्न फेब्रुवारीत ठरलंय, मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीतल्या एका वायनरीच्या हिरवळीवर. मुलगा निक, ओकलीतलं ग्रीक घर. मुलं दहा वर्षं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे पसंती-नापसंतीचा विषय केव्हाच संपला. अडलंय ते लग्न लावणार कोण यावर.

त्यांच्या चर्चमध्ये होणार नाही. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीचं लग्न ऑर्थोडॉक्स पाद्री लावत नाहीत. निकच्या आजीला, त्यांच्या यायाला, ते फार लागलंय, पण बोलून दाखवत नाही बिचारी. आपल्याकडच्या दोन गुरुजींना विचारलं. एक म्हणाले, पूर्ण विधी करीन, तीन तास लागतील, मध्ये मध्ये इंग्रजीत समजावणं जमणार नाही. दुसरे म्हणाले, “अर्ध्या तासात उरकून देतो.” ‘उरकून’ ऐकल्यावर सईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग तीन सेलिब्रंटशी, म्हणजे कायद्याने लग्न लावायची परवानगी असलेल्या बायकांशी, बोललो. ८०० पासून १,४०० डॉलरपर्यंत आकडे आले. तिघीही गोड बोलतात. एकीने तर घोडा कधी येणार तेही विचारून घेतलं. म्हटलं बाई, आमच्यात घोड्यापेक्षा मामा महत्त्वाचा.

सईला अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी हवी आहे आणि निककडची स्टेफना, म्हणजे रिबिनीने जोडलेले दोन मुकुट. सगळं तासाभरात, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना काय चाललंय ते कळेल असं. कोणी केलंय का असं लग्न?

सुनीता

---

प्रेषक: अविनाश, बॉक्स हिल
विषय: उत्तर: लग्न लावायला कोणी सुचवाल का?

सुनीता,

अभिनंदन! आधी कायद्याचं बघून घे, मुकुट नंतर.

‘नोटीस ऑफ इंटेंडेड मॅरेज’ नावाचा फॉर्म असतो, सगळे त्याला नॉइम म्हणतात. तो लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हातात पडलाच पाहिजे. फार तर अठरा महिने आधी देता येतो. तुमचं फेब्रुवारीत आहे, म्हणजे जानेवारीच्या सुट्ट्यांवर विसंबू नका, डिसेंबर उजाडायच्या आत देऊन टाका. लग्नाआधी सेलिब्रंटला दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं, कोणी जबरदस्ती तर करत नाही ना हे पाहायला. २०२४ पासून तसा नियमच झालाय. मला तो आवडला. आमच्या वेळी हिला असं कोणी एकटीला विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं कोण जाणे.

प्रत्यक्ष लग्नात कायद्याला फार थोडं लागतं. सेलिब्रंटने ठरावीक काही वाक्यं म्हणायची, मग दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारल्याचं ठरावीक शब्दांत बोलायचं. तिथे पूर्ण नाव एकदा तरी यावं लागतं, पासपोर्टावरचं. ‘सोनू’ चालणार नाही. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार, सह्या, झालं. पुढे चौदा दिवसांत सेलिब्रंट कागद नोंदणीला पाठवते. त्या दिवशी हातात मिळणारं सोनेरी कडांचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला. पासपोर्टावर नाव बदलायचं असेल तर बर्थ्स, डेथ्स अँड मॅरेजेस या नोंदणी कार्यालयाकडून वेगळं मागवावं लागतं.

हे एवढं पाठ का, तर आम्ही फसलो होतो. थोरल्याच्या लग्नाला जे गुरुजी ठरवले ते नोंदणीकृत असतील असं आम्ही धरूनच चाललो. नव्हते. पाच आठवडे आधी कळलं म्हणून बरं, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर नॉइमची मुदतच हुकली असती. शेवटी शुक्रवारी सकाळी स्प्रिंग स्ट्रीटवरच्या ओल्ड ट्रेझरी बिल्डिंगमधल्या रजिस्ट्री ऑफिसात सह्या आणि शनिवारी अंतरपाट. सूनबाई लग्नाचे दोन वाढदिवस वसूल करते, तो भाग वेगळा. नोंदणीकृत गुरुजीही आहेत. ॲटर्नी जनरल खात्याच्या वेबसाइटवर यादी असते, त्यात नाव बघून घ्यायचं. विचारायला संकोच नको.

अविनाशकाका

---

प्रेषक: दिलीप, टार्नीट
विषय: उत्तर: लग्न लावायला कोणी सुचवाल का?

स्पष्ट लिहितो, राग नसावा. गुरुजी नाहीत, अग्नीचा पत्ता नाही, मुकुट आहेत, वाइन आहे. याला लग्न म्हणायचं की मंडळाचं गॅदरिंग? आपल्याच मंत्रांचं इंग्रजी भाषांतर परक्या बाईकडून ऐकायचं आणि वर तिला हजार डॉलर द्यायचे. असो. ज्याची त्याची मर्जी.

दिलीप

---

प्रेषक: मृदुला, वँटर्ना
विषय: उत्तर: लग्न लावायला कोणी सुचवाल का?

सुनीताताई,

दिलीपदादांना आधी दोन ओळी. दादा, गुरुजींशिवाय लग्न ही मेलबर्नची फॅशन नाही. पुण्यात २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक पद्धतीने सीताराम आल्हाट आणि राधाबाईंचं लग्न लागलं ते ब्राह्मण पुरोहिताशिवाय. जोतिरावांनी त्यासाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती. आणि इथे ऑस्ट्रेलियात साधारण शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, लायोनेल मर्फी ॲटर्नी जनरल असताना पहिली सिव्हिल सेलिब्रंट नेमली गेली. चर्च नको आणि रजिस्ट्री ऑफिसचं टेबलही नको, अशा लोकांसाठी. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्री पुरोहित इतकी वर्षं मराठीत अर्थ सांगत लग्नं लावताहेत, तिकडे कोणी गॅदरिंग म्हणत नाही.

आता माझं. चार वर्षांपूर्वी माझं दुसरं लग्न झालं, तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. आम्ही सेलिब्रंटच नेमली. तिचं नाव तुम्हाला वेगळं कळवते. साठीची बाई, आधी शाळेत शिक्षिका. पहिल्या भेटीत मी तिला आमच्या विधींची यादी दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि विचारलं, “यातलं तुला काय खरंच म्हणायचंय?”

मला वाटलं होतं, तास-दोन तासांत भाषांतर करून देऊ. सहा आठवडे लागले. कारण संस्कृतात चालतं ते सगळं मराठीत चालत नाही. गुरुजी ‘प्रजाभ्यः पञ्चपदी भव’ म्हणून पुढे जातात, आपण पाऊल टाकतो, व्हिडिओवाला सरका सरका म्हणतो. अर्थ सांगायचा म्हटल्यावर लपायला जागा राहत नाही. पाचवं पाऊल मुलाबाळांचं. त्रेचाळिसाव्या वर्षी, दोनशे लोकांसमोर, मी काय म्हणू? गाळून टाकू या, असं मीच म्हणाले. सहा पावलांची सप्तपदी कशी होईल, हे नवऱ्याचं. नवऱ्याला पहिल्या लग्नाची मुलगी आहे, तेव्हा बारा वर्षांची होती. शेवटी पाचव्या पावलाला तीच आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिघांनी एकदम पाऊल टाकलं. सेलिब्रंट तिथे काहीच बोलली नाही. तेही आधी ठरवलेलं होतं, कागदावर तिने लिहून ठेवलं होतं: ‘गप्प राहणे’.

बाकीची पावलं आम्ही वाटून दिली. पहिलं अन्नाचं, ते माझ्या सासूबाईंनी वाचलं. दुसरं बळाचं, तिसरं संपत्तीचं, चौथं सुखाचं, सहावं ऋतूंचं. मेलबर्नमध्ये ते एका दिवसात चार होतात, तिथे सगळे हसले. सातवं सख्याचं, ते आम्ही एकमेकांना मराठीत म्हणालो.

कन्यादानावरून आईशी वाजलं. त्रेचाळीस वर्षांच्या, एकदा घटस्फोट घेतलेल्या बाईचं दान कोण कोणाला करणार? पण बाबांना काहीतरी करायचं होतं, नुसतं खुर्चीत बसायचं नव्हतं. तर मूळ विधीत वडील नवऱ्याला सांगतात, धर्मात, अर्थात, कामात हिला डावलू नकोस, आणि तो तीनदा ‘नातिचरामि’ म्हणतो. पाणी सोडणं आम्ही वगळलं, सांगणं ठेवलं. बाबांनी दोघांनाही विचारलं, दोघांनीही उत्तर दिलं. बाबांचा आवाज तिसऱ्या वेळी गेलाच.

आणि ‘सावधान’. मी सेलिब्रंटला व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवलं होतं, ती गाडी चालवताना घोकायची. मग एक दिवस फोन, याचा अर्थ काय? म्हटलं, सावध राहा. रामदासांची गोष्टही सांगितली, हा शब्द ऐकून मांडवातून पळाले ती. ती हसतच सुटली. म्हणाली, कायद्याने मला म्हणावी लागणारी जी वाक्यं आहेत, ‘तुम्ही ज्या नात्यात पाऊल टाकताय ते गंभीर आणि बांधून ठेवणारं आहे याची मी आठवण करून देते’, त्याला आम्ही मोनिटम म्हणतो. लॅटिनमध्ये इशारा! मग तिने तो मोनिटम शेवटच्या मंगलाष्टकानंतर, अंतरपाट अजून धरलेला असताना म्हटला, आणि लगेच स्वतः ‘शुभ मंगल सवदान’. ‘ध’ नाही म्हणजे नाहीच जमला. पण अक्षता तेव्हाच पडल्या.

सुनीताताई, सेलिब्रंट निवडताना ‘इंडियन वेडिंग केलंय का’ हे विचारू नका. केलेल्यांच्या डोक्यात घोडा असतो. नवख्या बाईला प्रश्न पडतात, ती बरी. आणि मंगलाष्टकं स्वतः रचणाऱ्या आत्यांना आधीच आकडा सांगा. तीन. शार्दूलविक्रीडित गळ्यात बसलेल्या बाईला नंतर थांबवता येत नाही.

मृदुला

---

प्रेषक: श्रीकांत (सोम ते शुक्र डेटाबेस, शनिवार-रविवार पौरोहित्य)
विषय: उत्तर: लग्न लावायला कोणी सुचवाल का?

नमस्कार. गुरुजींवर एवढं बोलणं झालं, तर एका गुरुजीलाही बोलू द्या.

तीन तास लागतात त्यातला एक तास सामान शोधण्यात जातो. “सुपाऱ्या गाडीत राहिल्या.” “कलश कोणी आणणार होतं?” मामा बाहेर पार्किंगमध्ये. फोटोवाल्यासाठी हार पुन्हा घाला. दोष मात्र मंत्रांना. मला महिनाभर आधी सांगितलं तर मी पन्नास मिनिटांचं नीट बसवून देतो, प्रत्येक विधीआधी दोन वाक्यं इंग्रजीत. मांडवात ऐनवेळी “गुरुजी, जरा आटपा” म्हटलं की मात्र माझा हात आखडतो.

सुनीतावहिनींना काही व्यावहारिक गोष्टी. फेब्रुवारी, यारा व्हॅली, उघडी हिरवळ. होम करायचा असेल तर वायनरीला आजच विचारा. टोटल फायर बॅन लागला तर उघड्यावर समिधा पेटवता येणार नाही, आणि तो बहुतेक वेळा आदल्या दिवशी जाहीर होतो. मागे एका लग्नात आम्ही होम आत नेला आणि धुराचे अलार्म बंद करून घ्यायला विसरलो. लाजाहोम चालू असताना फायर ब्रिगेड दारात! खोट्या अलार्मचं बिल वधूपित्याला आलं. म्हणून पर्याय ठरवून ठेवा: काच लावलेली समई साक्षीला.

पुण्याहून मुहूर्त आला असेल तर तोही घड्याळ लावून जुळवू नका, पंचांग इथल्या सूर्योदयावर काढावं लागतं. गोरज मुहूर्त म्हणाल तर फेब्रुवारीत सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो. जेवायला दहा वाजतील.

सेलिब्रंट आणि गुरुजी दोघेही ठेवणार असाल तर एकदा दोघांना एकत्र चहाला बोलवा. माईक एकच असतो.

श्रीकांत

---

प्रेषक: सुनीता, ग्लेन वेव्हर्ली
विषय: उत्तर: लग्न लावायला कोणी सुचवाल का?

मंडळी,

मृदुलाच्या सेलिब्रंटला काल भेटून आलो. श्रीकांतभावजी, तुम्हीही हवे आहात. मंगलाष्टकं आणि सप्तपदी तुमच्याकडे, बाकी माईक तिच्याकडे. रविवारी चार वाजता आमच्याकडे चहाला या, ती येतेय. होम रद्द, समई ठरली. नॉइम याच आठवड्यात देतोय, अविनाशकाका.

दिलीपभावजी, तुम्हाला आणि वहिनींना आमंत्रण आहेच. वाइन टेबलावर असेल, घेतलीच पाहिजे असं नाही.

सईने यायाला मुंडावळ्यांचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत बसली. मग आत जाऊन स्वतःच्या लग्नाची स्टेफना काढून आणली, काचेच्या पेटीत ठेवलेली, मेणाची फुलं पिवळी पडलेली. तिने एक मुकुट सईच्या डोक्यावर धरून पाहिला आणि कपाळावर बोट ठेवून विचारलं, दोन्ही कसं मावणार? सध्या आमच्याकडे तीच चर्चा आहे. मुंडावळ्या आधी, सप्तपदीनंतर त्या काढायच्या आणि मग मुकुट, असं सई म्हणते. निक म्हणतो दोन्ही राहू देत, कपाळ मोठं आहे.

तर एक विनंती. जानेवारीच्या आत पुण्या-मुंबईहून कोणी येतंय का? मुंडावळ्यांचे दोन जोड हवेत आणि अंतरपाटाचं कापड. मुंडावळ्या मोत्यांच्याच, फुलांच्या नकोत, विमानतळावर काढून घेतील. हळकुंडं, सुपाऱ्या, तांदूळ काही आणू नका, ते इथे डँडेनाँगला मिळतं. यायाने एक जोड जास्त सांगितलाय. का ते विचारलं नाही.

सुनीता