पार्किंगच्या भिंतीला पुलअप बार लावायचाय, भिंत धरेल का?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. रो हाऊसच्या पार्किंगमध्ये पुलअप बार लावायचाय, पुढेमागे त्यालाच पंचिंग बॅग पण टांगीन म्हणतो. माझं वजन ८२, बॅग ३० किलोची. बारसोबत १० एमएमचे सहा फास्टनर आलेत. काल एक भोक मारून बघितलं तर ड्रिल सरळ आत गेलं, जोरच लावावा लागला नाही, खाली पांढरट राखाडी भुकटी पडली आणि पाना फिरवतोय तर फास्टनर आवळतच नाही, जागेवर गोल फिरतोय. नववीतला मुलगा पण लटकणार आहे म्हणून पुढचं भोक मारायच्या आधी विचारतोय.

साइटवरचा माणूस:
बरं झालं थांबलात. ती भिंत सिपोरेक्सची, म्हणजे एएसी ब्लॉकची, हलक्या सच्छिद्र काँक्रीटची. वीट असती तर भुकटी लाल पडली असती, काँक्रीट असतं तर हॅमर लावूनसुद्धा घाम निघाला असता. हा ब्लॉक घनमीटरला साडेपाचशे-साडेसहाशे किलोचा, काँक्रीट २४०० च्या वर, म्हणजे आत सगळी हवाच. फास्टनर फुगून भोकाच्या कडा दाबतो आणि त्या दाबावरच टिकतो, इथे कडाच चुरा होतात. मोठा फास्टनर घालून उपयोग नाही, भोक तेवढं मोठं होईल. भरीव काँक्रीटचा कॉलम शोधा, त्यात फास्टनर धरेल.

वेल्डिंगवाला:
दादा नुसतं ८२ किलो धरू नका. बार भिंतीपासून २ फूट पुढे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये १ फूट अंतर असेल तर वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटणारी ओढ १६४ किलोची येते, तीही शांत लटकलात तर. झोका घेतला, उडी मारून पकडलं की अजून वाढली. माझ्याकडे ४ इंची विटेच्या भिंतीवर असाच बार होता, दोन महिने छान चालला, मग एक दिवस वरच्या प्लेटमागे नख जाईल एवढी फट दिसली, काढून बघितला तर आतली वीट उभी तडकलेली. तेव्हापासून मी ४ इंचीवर कुणालाच लावून देत नाही.

सातपूरकर:
कॉलम सापडला पण ९ इंचीच आहे हो, आणि ब्रॅकेट अडीच फुटांवर आहेत. काय करू?

साइटवरचा माणूस:
मग वर बीम बघा, तो आडवा असतो, दोन्ही ब्रॅकेट बसतात. भोकं बीमच्या बाजूच्या अंगाला मारा, खालून अजिबात नको, तिथे मेन सळया असतात. ड्रिल लोखंडाला लागलं तर रेटू नका, भोक सरकवा. खोली मोजताना प्लास्टर सोडून मोजा, ते काही धरत नाही, आणि कडेपासून चारेक इंच तरी आत राहा. भोकातली भुकटी फुंकून साफ करा, लोक नेमकं हेच विसरतात. आधी सोसायटीच्या इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या.

अंगणवाली:
बीम सोयीचा नसेल तर ब्लॉकमधून आरपार १२ एमएमचे आटेवाले रॉड आणि दोन्ही बाजूंना ६ एमएमची लोखंडी प्लेट, आमच्याकडे तसंच केलंय. भिंत शेजाऱ्यांशी कॉमन असेल तर मात्र नाही जमणार. बाहेरच्या बाजूला सिलिकॉन भरा, पावसाचं पाणी रॉडवरून आत येतं. आणि बॅग त्या बारला नका हो लावू, ती दर ठोशाला हिसका देते, नट हळूहळू सैल होतात. तिला वेगळा हूक द्या.

सातपूरकर:
खूप आभार सगळ्यांचे. बीमवरच लावतो, बॅगचं नंतर बघू. मुलाला तोवर हात लावू देणार नाही.

वेल्डिंगवाला:
लावल्यावर प्लेटच्या कडेने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. पहिले आठ दिवस तुम्हीच वापरा, रोज रेघ बघा. प्लेट रेघेवरून केसभर जरी हलली तरी बार उतरवा.