मदत हवी आहे: क्रॉस स्टिच पूर्ण झालं, आता लावू कुठे?

मैत्रिणींनो, लॉकडाऊनपासून क्रॉस स्टिच (फुलीच्या टाक्यांचं भरतकाम) करतेय आणि आता कपाटात अकरा पीस गुंडाळून पडलेत, नवरा म्हणतो कुणाचं रुखवत मांडायचंय का. सगळ्यात मोठा मोराचा आहे, 14 काउंट आयडावर (इंचाला 14 टाके बसणारं भरतकामाचं कापड) 112 बाय 140 टाके म्हणजे बरोबर 8 बाय 10 इंच, त्याची फ्रेमच करायचीय. पण मागच्या वेळी फ्रेमवाल्याने कापड थेट काचेला टेकवून दिलं, पावसाळ्यात आत दमट होऊन मोगऱ्याच्या पांढऱ्या पाकळ्यांवर काळे ठिपके आले, रडूच आलं मला. यावेळी मधे माउंट (काच कापडाला टेकू नये म्हणून पुठ्ठ्याची चौकट) टाकून घेऊ की काच नकोच?

बारके पीस लाकडी रिंगमध्येच ठेवून जिन्याच्या भिंतीवर वरखाली लावायचा विचार आहे, पण मागचं जास्तीचं कापड कसं लपवता तुम्ही, धावदोरा घालून आवळायचं की गमने चिकटवायचं? गम पुढून पिवळा दिसेल अशी भीती वाटते.

आणि आईने मॅटीच्या कापडावर भरलेली एक जुनी लांब पट्टी आहे, तिचं दाराला तोरण करू का ट्रेमध्ये काचेखाली घालू? उशीचे अभ्रे प्लीज सांगू नका, घरात मांजर आहे 😄 तुमच्या घरचे फोटो असतील तर टाका ना.