माचू पिचूची पहाट पर्यटकांना की प्राण्यांना?

दगडवाट
पेरूच्या डोंगरातलं इंका लोकांचं जुनं शहर माचू पिचू. त्याचा विषय निघाला की भिंती, पाण्याच्या पन्हळी, सूर्यमंदिर यांवर आपण भरभरून बोलतो. प्राण्यांचं बोलणं मात्र लामाच्या फोटोपाशी थांबतं. लामा, म्हणजे उंटाच्या कुळातला तो लोकरीचा प्राणी, तर पाळीव, गवत कमी ठेवायला तिथे आणून सोडलेला. तिथले खरे रहिवासी वेगळेच आहेत.

विस्काचा घ्या. चिंचिलाच्या कुळातला कुरतडणारा प्राणी, कान सशासारखे आणि शेपूट लांब, झुपकेदार. त्याला राहायला कडेकपारी लागतात आणि इंकांनी रचलेली भिंत त्याच्या लेखी कडाच आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो चरतो, सकाळचं ऊन खात दगडावर बसून राहतो. बांबूच्या जाळीत इंका रेन नावाचा इवलासा पक्षी गातो. शास्त्रीय वर्णन होऊन त्याला नाव मिळालं १९८५ साली, म्हणजे हे शहर जगापुढे आणणारा अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम १९११ मध्ये तिथे पोचल्यानंतर ७४ वर्षांनी! आणि भोवतालच्या धुक्याच्या जंगलात चष्मेवालं अस्वल आहे, दक्षिण अमेरिकेतली अस्वलाची एकमेव जात.

१९८३ मध्ये युनेस्कोने या जागेला सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर वारसा मानलं. तरी आज दिवसाला ४५०० माणसं आत सोडतात, काही ठरावीक दिवशी ५६००, आणि दरवाजा उघडतो सकाळी सहाला. विस्काचा बाहेर येतो नेमक्या त्याच वेळी. दरवाजा आठला उघडावा, असं माझं ठाम मत आहे. सकाळचे दोन तास जनावरांचे.

अनघा_कु
साफ असहमत. पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात शेती नाही की कारखाना नाही. हॉटेलं, खानावळी, बसगाड्या, वाटाडे, सगळं त्या दरवाजावर चालतं. २०२० मध्ये मार्चपासून ऑक्टोबर संपेपर्यंत तो बंद होता, तेव्हा या लोकांवर काय वेळ आली असेल याचा विचार करा. जानेवारी २०२४ मध्ये नुसती तिकीटविक्रीची पद्धत बदलली, तर लोक रस्त्यावर उतरले आणि रेल्वे थांबली. सूर्योदय बघायला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाहून येतो, आणि तुम्ही नेमका तोच काढून घेताय.

बुरुजकर
मला लामाची बाजू मांडायची आहे, कारण धाग्यात त्याला उपऱ्यासारखं वागवलंय. तिथल्या जुन्या उत्खननांत लामा-अल्पाका कुळातल्या प्राण्यांची हाडं मिळाली आहेत, तेव्हा त्याचं तिथलं नातं पर्यटनाहून फार जुनं आहे.

शिवाय त्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांची रचना बघा. तळाशी दगड, वर खडी, वाळू, मग माती. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस त्यातून झिरपून जातो, म्हणून डोंगर अजून जागेवर आहे. गवत मोकाट वाढू दिलं की झुडपं येतात, झुडपांमागून झाडं, आणि मुळं थेट त्या थरांत उतरतात. बिंगहॅमला हे शहर झाडोऱ्याखाली गाडलेलंच दिसलं होतं. लामाच्या पायाला गादी असते, टणक खूर नाहीत. त्याच्यासारखा राखणदार यंत्रात मिळणार नाही.

आणि जंगली-पाळीव ही भिंत इंकांनी कुठे मानली होती? विकुन्या हा लामाच्या कुळातला, पण रानातलाच प्राणी. माणसांचं मोठं कडं करून त्याचे कळप घेरायचे, लोकर कातरायची आणि सोडून द्यायचे. चाक्कू म्हणतात त्याला. माणूस आणि रानप्राणी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनीच दाखवलंय. दरवाजे लावून घेणं हा तुमचा आजचा उपाय.

दगडवाट
बुरुजकर, लामा हलवा असं मी म्हटलेलंच नाही. तो राहू दे, चरू दे. पण चाक्कूचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवलंय की इंका मुलखाचे भाग पाडायचे आणि एका भागात चार वर्षांतून एकदाच चाक्कू करायचे. मधली वर्षं त्या रानाला विसावा. ती शिस्त गेली, बंदुका आल्या, आणि १९६० च्या दशकापर्यंत पेरूत विकुन्याचे जेमतेम काही हजार जीव उरले. पुढे पाम्पा गालेरासचं राखीव क्षेत्र झालं म्हणून तो वाचला. विसाव्याची वेळ ठरवून देणं हा त्याच डोंगरातला जुना कायदा आहे, माझ्या डोक्यातून निघालेला नाही.

धुकेरी
दोन्ही बाजू वाचल्या, पण भांडण भलत्या प्राण्यावरून चाललंय असं मला मनापासून वाटतं. विस्काचा धोक्यात नाही. अँडीजमध्ये तो भरपूर आहे आणि माणसांचीही त्याला बऱ्यापैकी सवय होते. संकटात आहे ते अस्वल. त्याला खाली जंगलात झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाचे कोवळे गाभे लागतात, आणि वर पुनाच्या गवताळ पठारावरही जावं लागतं. ही चढउतार मोकळी राहिली तरच ते टिकेल. माचू पिचूभोवतीचं अभयारण्य ३२,५९२ हेक्टरांचं आहे, अवशेष म्हणजे त्यातला एक ठिपका. कोरड्या महिन्यांत शेतं जाळताना लागलेली आग उतारावरून वर चढते, तिचं काय? दरवाजा आठला उघडून ती विझणार आहे का? तिकिटाच्या पैशांतून आधी आगीवर नजर ठेवणारी माणसं नेमा. त्यासाठी पर्यटक कमी करून कसं चालेल?

दगडवाट
आगीबद्दल शंभर टक्के सहमत. पण आग विझवायची म्हणून पहाटेची गर्दी कशाला सोसायची? दोन्ही करता येतं. माचू पिचूला जाणारी जुनी पायवाट, इंका ट्रेल, दर फेब्रुवारीत महिनाभर बंद ठेवतात, वाट दुरुस्त करायला. त्या पायवाटेवर हमालांची आणि वाटाड्यांची पोटं आहेतच ना? तरी ते चालतं.

अनघा_कु
चालतं, कारण फेब्रुवारीत तिथे धो-धो पाऊस असतो आणि चालायला येणारेच कमी. तुम्ही ऐन हंगामातली, जुलैची सकाळ मागताय. त्या दोन तासांची भरपाई त्या गावाला कोण देणार, ते आधी सांगा. त्याचं उत्तर मिळालं तर मी तुमच्या बाजूने मत देईन.