मदत हवी आहे: काळ्या मातीवर खडीची पायवाट टिकेल अशी कशी करावी?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं घर आहे. पुढच्या अंगणात साधारण २० बाय १५ फुटांचं लॉन आहे. उन्हाळ्यात ते पाणी फार पितं, म्हणून ते काढून फुलझाडांचे वाफे आणि मधून खडीची पायवाट करायची आहे. वाफ्यांचं ठरलंय: मोगरा, अबोली, तगर, कडेला गवती चहा. पूर्ण ऊन आहे, ठिबकची लाईनही आहे.

अडचण पायवाटेची आहे. माती काळी, चिकट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एका कोपऱ्यात गवत काढून, माती ठोकून थेट खडी पसरून पाहिली. पहिल्याच मोठ्या पावसात खडी चिखलात रुतली आणि लव्हाळा वर आला. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या, वर काळी ताडपत्रीही घातली, तरी कडेने फुटतोच. तणनाशक नको आहे, घरात मांजरं आहेत.

आई काठी घेऊन चालते, त्यामुळे गोल गोटे चालणार नाहीत. पायाखाली सरकणार नाही अशी कोनदार बारीक खडी हवी. फरशी किंवा काँक्रीटही नको, पाणी जमिनीत मुरलं पाहिजे. अंगणाचा उतार फाटकाकडे आहे.

काळ्या मातीवर अशी वाट ज्यांनी केलीय आणि ती दोन-तीन पावसाळे टिकलीय, त्यांनी कृपया सांगा: किती खोल खणलंत, मुरूम किती इंच घातलात आणि जिओटेक्स्टाईल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि खडी मिसळू न देणारं) मुरुमाच्या खाली टाकलंत की वर?