वाडे वाचवायचेत, पण गल्लीतल्या लोकांना कसं जमवायचं?

कसबेकर: आमच्या कसबा पेठेतल्या गल्लीत तीन-चारच वाडे उरलेत, दारावरची गणेशपट्टी, कडीपाट म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत अजून शाबूत आहे पण मालक भाऊबंदकीत अडकलेत, भाडेकरूंना फ्लॅट हवाय आणि आम्ही चौघं वारसा वारसा करत फिरतोय. सुरुवात कुठून करू?

पोळवाली: मी अहमदाबादला असते. इथे १९९७ला महापालिकेने हेरिटेज वॉक सुरू केला, कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, पोळांमधून, म्हणजे इथल्या जुन्या दाट वस्त्यांच्या गल्ल्यांमधून, चालत. बाहेरचे लोक येऊन चबुतऱ्याचे, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकायच्या खांबाचे, फोटो काढतात. युनेस्कोचा जागतिक वारसा शहराचा शिक्का थेट २०१७ला, म्हणजे वीस वर्षं गेली बरं का.

जुना_भाडेकरू: वॉक ठीक आहे हो, पण महिन्याला शंभर रुपये भाडं येतं त्यात मालक कौलं कशी बदलणार? आमच्याकडे आठ बिऱ्हाडांना दोन संडास, रात्री आजीला बॅटरी घेऊन चौकातून न्यावं लागायचं. आधी ते बोला, गणेशपट्टीचं नंतर. नायतर लोक बिल्डरकडेच जाणार ना.

कसबेकर: संडासाचं पटलं राव, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. रविवारी भाडेकरूंनाच आधी बोलावतो, चहा आमच्याकडे.