दिवसा पाणी आलं, पण गायरान गेलं त्याचं काय?

विहिरीकाठ: वीस वर्षं रात्री दोनला पिकाला पाणी द्यायला दारं धरलीत, कारण शेतीला लाइट रात्रीचीच. साप-विंचू अंगवळणी पडले, जुन्नरकडे तर बिबट्या. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, म्हणजे शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यायच्या सरकारी योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा हसलो होतो. २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, तिथल्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. आता हसत नाही. अशा प्रकल्पांना विरोध करणाऱ्यांनी एकदा थंडीत रात्री भरणं करून बघावं.

माळरान: केलंय. पण एका मेगावॉटला चार-पाच एकर जातात आणि ते बहुतेक गायरानातून. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं. गायरानावर शेळ्या चारणाऱ्याचा सातबारा कुठून आणायचा?

विहिरीकाठ: तिथे होतं काय? वेडी बाभूळ.

माळरान: तिच्याच शेंगांवर उन्हाळा निघतो शेळ्यांचा.

अडीच एकर: माझं रडगाणं वेगळं. फीडरवरची वीज चांगलीच, पण साधं कनेक्शन मागितलं तर सौर पंप घ्या म्हणतात. पंपाच्या किमतीतला माझा दहा टक्के हिस्सा भरायलाही तयार आहे. पण अडीच एकरापर्यंत ३ एचपी! माझा बोअर चारशे फूट. शेजाऱ्याचं रान दहा एकर, विहीर उथळ, त्याला साडेसात. पाणी सातबाऱ्यावरून वर येतं असं कुणी सांगितलं यांना?

भूजल: आणि ऊन फुकट म्हटल्यावर मोटर बंद कोण करणार?

विहिरीकाठ: साडेसात एचपीपर्यंत बिल एप्रिल २०२४ पासून माफच आहे, त्यात सौरचा काय दोष? उलट रात्रीच्या लाइटीला सगळे मोटर ऑटोवर टाकून झोपतात, पाणी ओढ्याला. दिवसा माणूस बांधावर असतो.

भूजल: हे मान्य. पण बांधावरचा माणूस ऊसच लावणार, तेही लिहून ठेवा.

माळरान: विहिरीकाठ, तुमच्या गावचा गायरान प्रकल्पाला द्यायचा ठराव कधी झाला?

विहिरीकाठ: २६ जानेवारीच्या ग्रामसभेत. सर्वानुमते.

माळरान: मेंढरंवाले दिवाळीनंतर कोकणात उतरतात. जानेवारीत गावात असतो कोण?

विहिरीकाठ: ...हे डोक्यात आलं नव्हतं. सरपंचांना विचारतो.